चौथा मालक

जीप घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती चालू केली, तर अण्णा घोंगडी तशीच अंगावर घेऊन ओसरीवरून खाली आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, जीपकडेही नाही. पायाखालची जमीन बघितली आणि विचारलं, "हादरा झाला का रे?"

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. वसमत-औंढ्याच्या आमच्या पट्ट्यात जमिनीच्या पोटातून गुरगुर येणं आता कुणाला नवं राहिलेलं नाही. १० जुलै २०२४ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा अख्खी गल्ली अशीच अंथरुणातून उठून रस्त्यावर उभी होती. त्यात माझ्या जीपचा सायलेन्सर मधोमध फुटलेला आणि इंजिनाचा एक पाया सुटलेला. पत्र्याच्या शेडखाली ती उभी थरथरायची, तेव्हा भिंतीवरच्या पराती वाजायच्या.

आमचं शिरड शहापूर बाहेरच्यांना माहीत असतं ते मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे, नाहीतर औंढ्याच्या नागनाथाला जाताना लागणारं गाव म्हणून. दोन्ही वेळा माणूस डांबरी रस्त्यावरच असतो. डांबर सोडून शंभर पावलं आत आलं की आमचा खरा मुलूख सुरू होतो. काळी माती. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा टाकते. पावसाळ्यात ती बुटाला अशी धरते की दहा पावलांत माणूस दोन इंचांनी उंच होतो. सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. कागदावर पाणंद, आमच्या तोंडात पांदण. आमची पांदण ओढ्यापाशी येऊन थांबते आणि रान ओढ्यापलीकडे. पुण्या-मुंबईची मंडळी सुट्टी गाठून, पैसे भरून चिखलात गाड्या घालतात, त्याला ऑफ-रोडिंग म्हणतात असं ऐकतो. आमच्याकडे ऑफ-रोड म्हणजे जून ते ऑक्टोबर.

आणि हळद हे नऊ महिन्यांचं पीक. लावण उन्हाळ्याच्या शेवटी, काढणी फेब्रुवारी-मार्चात, मधला सगळा पावसाळा तिच्याभोवती फेऱ्या. खताची पोती डोक्यावरून न्यायची, फवारणीचा पंप पाठीवरून न्यायचा, कंदकूज दिसली की त्याच दिवशी जायचं. एक गाडी हवी होती, हे खरंच होतं. पण जीपच का, असं सौभाग्यवतींनी विचारलं तेव्हा माझी पंचाईत झाली. "अहो, ट्रॅक्टर घेतला असता तर चार लोकांनी भाड्यानं तरी नेला असता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

खरं सांगायचं तर कारण जुनं आहे. लहानपणी गावात जीप यायची ती नेहमी दुसऱ्या कुणाची तरी. तहसीलदारांची, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण काढलेली आरोग्य खात्याची, निवडणुकीत भोंगा बांधलेली. आमच्या वाट्याची जीप म्हणजे काळी-पिवळी. तिच्या मागच्या फूटबोर्डावर चार जण लोंबकळायचे, टपावर शेळ्या, आणि ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एक माणूस बसायचा, म्हणजे ड्रायव्हर मधे. त्याला गिअर टाकायचा तर आधी कुणाच्या तरी गुडघ्याला "जरा" म्हणावं लागे. मी बरीच वर्षं तो गुडघा होतो. स्टिअरिंगसमोर एकट्यानं ऐसपैस बसायला मिळावं, एवढीच इच्छा मुळात असावी. बाकीची कारणं नंतर गोळा केली.

गाडी बघायला गेलो तो अभ्यास करून. महिंद्राची एमएम ५४०, १९९३ची, कापडी हूड, सोळा इंची रिंग, ट्रॅक्टरच्या चाकासारखी नक्षी असलेले टायर. नंबर एमएच २२, म्हणजे परभणीचा, कारण हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ला आणि त्याआधीच्या गाड्या आम्ही सगळे परभणीकर असतानाच्या. खिशात लोहचुंबक घेऊन गेलो होतो. पत्र्यावर फिरवायचं, जिथं चिकटत नाही तिथं खाली लोखंड नसून नुसती पुट्टी आहे असं समजायचं. ते बऱ्याच ठिकाणी चिकटलं नाही. पण इंजिन एका हाकेत चालू झालं आणि ऑइलचं झाकण काढलं तरी धूर आला नाही, तेव्हा मी विरघळलो. विकणाऱ्यानं मोठ्या गिअरशेजारचे दोन छोटे दांडे पुढं-मागं करून दाखवले. "हा फोर बाय फोर, हा लो. बघा, लोण्यावाणी." दांडे खरोखरच लोण्यासारखे फिरत होते. इतके सहज फिरतात याचीच शंका यायला हवी होती. एक लाख चाळीस हजारांना सौदा झाला.

वसमतला एक उस्ताद आहेत, साठीच्या पुढचे, ज्यांनी जीप सोडून दुसऱ्या गाडीला हात लावणं केव्हाच बंद केलंय. मी त्यांच्यापुढं यादी ठेवली. इंजिन खोलायचं, पंप-नोझल बघायचं, रुंद टायर, पुढं विंच. त्यांनी यादी घडी करून माझ्या खिशात परत घातली. "सर, पैले रुकने का देखो. चलने का बाद में." चारही ड्रम काढले. चारपैकी तीन व्हील सिलिंडर जाम. वसमतपर्यंत मी तीस किलोमीटरच्या वेगानं आणलेली ही गाडी एका चाकावर थांबत होती आणि म्हणूनच ब्रेक दाबला की डावीकडे ओढत होती. मी ते स्टिअरिंगचं दुखणं समजलो होतो.

रुंद टायर आणि विंचही त्यांनी मोडीत काढले. एक तर कायदा. आरसीत लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये तसंच सांगितलंय. आणि दुसरं, काळ्या मातीत रुंद टायर म्हणजे रुंद पाट्या, जास्त माती उचलतात. जुना अरुंद, खोल खाचांचा टायर फिरता फिरता माती झाडून टाकतो.

मग त्यांनी पुढचं एक चाक जॅकवर घेतलं, दांडा टाकला, चाक हातानं फिरवलं. ते भिरभिरत राहिलं. उस्ताद पाठीवर झोपून खाली सरकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खालूनच आवाज आला, "सर, इसका शाफ्ट किधर है?"

पुढचा शाफ्टच नव्हता. गिअरपेटीतून पुढच्या धुरीला ताकद नेणारी अडीच-तीन फुटांची पोलादी नळी कुणीतरी काढून टाकली होती आणि उघड्या तोंडाला चिंधी बांधून वर ग्रीस फासलं होतं. दांडे हलत होते, आत दातेही लागत होते, पण ती ताकद बाहेर येऊन हवेत संपत होती.

हे आपल्याकडे सर्रास चालायचं, असं उस्ताद म्हणाले. पुढच्या चाकांचे हब सुटे होईनासे झाले की गाडी नुसती डांबरावर चालली तरी पुढचा सगळा पसारा फुकट फिरत राहतो. मग कुणीतरी सांगतं, शाफ्ट काढून टाका, डिझेल वाचेल. वाचतंही थोडं. पण चिखलात अशी गाडी बैलगाडीपेक्षा वाईट. मागच्या धुरीवर डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरता यावं म्हणून केलेली सोय. पण तिची खोड अशी की जे चाक सहज फिरतं त्यालाच ती फिरू देते. एक चाक चिखलात आणि एक कोरड्यावर असलं, तर चिखलातलं गरागरा फिरतं आणि कोरड्यावरचं, ज्याच्या हातात खरं बळ आहे ते, स्वस्थ उभं राहतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढचा शाफ्ट असला की पुढचंही एक चाक कामाला लागतं, आणि चिखलातून निघायला बहुतेक वेळा तेवढं एक पुरतं.

भंगारात तसा शाफ्ट दोन-तीन हजारांत मिळाला असता. पण माझ्याकडे जुनं आरसी बुक होतं. आताच्यासारखं प्लास्टिकचं कार्ड नव्हे, पुस्तक. त्यात सातबाऱ्यावर फेरफार असावेत तशा शिक्क्यांवर शिक्के. पहिला मालक एक सरकारी खातं. दुसरा कळमनुरीकडचा शेतकरी, २००५ पासून. तिसरा वसमतकडचा हळदवाला. मग मी. उस्तादांचा अंदाज होता की शाफ्ट दुसऱ्यानं काढला असणार. सरकारी खात्याला डिझेल वाचवायचं कारण नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी मी दुसऱ्या मालकाच्या दारात उभा राहिलो. म्हातारा गृहस्थ, कानानं जरा कमी. जीपचा नंबर सांगितल्याबरोबर नातेवाइकाची खुशाली विचारावी तसं विचारलं, "दुसरा गिअर अजून बाहेर येतो का?" येतो म्हणालो. "त्याला मांडीनं दाबून धरायचं." मग शाफ्टाचं विचारलं. ते उठले, मला गोठ्यात घेऊन गेले आणि म्हशीकडं बोट दाखवून म्हणाले, "हिला विचारा."

म्हशीचं दावं ज्या खुंट्याला होतं तो माझा शाफ्ट होता. वरच्या टोकाला क्रॉसची दोन बोटं तशीच होती, दावं अडकवायला अगदी सोयीची. वीस वर्षांच्या ओढण्यानं त्यातलं एक बोट आतून चांदीसारखं घासलं गेलं होतं. खालचा दोन-अडीच फूट भाग जमिनीत.

पैसे त्यांना नको होते. "पैशाला दावं बांधता येतं का? खुंटा द्या." पुढच्या रविवारी मी बाभळीचा खुंटा तासून घेतला आणि पहार घेऊन गेलो. शाफ्ट उपटता उपटेना. कोरडी काळी माती दगडापेक्षा वाईट धरते. शेवटी भोवती आळं करून दोन घागरी पाणी सोडलं आणि चहा पिऊन आलो, तेव्हा ती ढिली झाली. म्हैस नवा खुंटा हुंगून मागं सरकली. म्हातारा काळजीत. "संध्याकाळी दूध चोरलं तर तुम्हाला फोन लावतो." फोन आला नाही. शाफ्टाचं खालचं टोक गंजून गेलं होतं, ते नांदेडला लेथवर नवीन करून घेतलं, दोन्ही क्रॉस नवे टाकले. पेट्रोल, फेऱ्या, लेथ, सगळं धरून भंगारातल्या शाफ्टाच्या तिप्पट गेले. घरी मी हा हिशेब निम्माच सांगितला.

त्यानंतर पत्र्याचं काम काढलं आणि जीप पापुद्र्यापापुद्र्यानं बोलायला लागली. वरचा हिरवा रंग घासला की खाली पांढरा. पांढरा घासला की त्याखाली पुन्हा हिरवा, पण फिका, आणि बाजूच्या पत्र्यावर त्या फिक्या हिरव्यात जरा गडद अक्षरं: महाराष्ट्र शासन. रंगवणाऱ्यानं अक्षरं पुसली होती, पण अक्षरांखालचा रंग उन्हापासून इतकी वर्षं झाकला गेला होता, त्यामुळं ती उरलीच. लहानपणी जी जीप आली की आम्ही रस्ता सोडून उभे राहायचो, तीच कदाचित ही. कदाचित म्हणायला काय जातं!

मग तळ उचकटला. मागच्या सीटखाली, चाकांवरच्या पेट्यांच्या सांध्यांत, पत्र्याच्या प्रत्येक घडीत पिवळी भुकटी बसलेली. तिसऱ्या मालकानं या गाडीतून हळद ओढली होती. वसमत म्हणजे हळदीची पेठ, वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यात भरलेली हळकुंडं खडबडीत रस्त्यावर एकमेकांवर घासत जातात आणि पोत्याच्या विणीतून पीठ गळत राहतं. आठ वर्षांचं पीठ, वर ऑइल, वर पावसाचं पाणी. खरवडून निघेना. उस्तादांकडच्या पोरानं बादलीत धुण्याचा सोडा कालवला आणि तळावर ओतला.

बादली टाकून पोरगं चार पावलं मागं पळालं. तळातून लाल पाणी वाहत होतं. पातळ लाल नाही, चांगलं गडद. जमिनीवर येऊन ओघळ टपऱ्यांकडं निघाला. समोरचा पंक्चरवाला उठून उभा राहिला. उस्ताद मात्र चष्मा कपाळावर चढवून शांतपणे बघत होते. आम्हा हळदवाल्यांना हे कळायला वेळ लागायला नको होता. हळदीला चुना किंवा खार लागला की ती लाल होते, जुन्या बायका घरी कुंकू असंच करायच्या. तरी मलाही क्षणभर पोटात गोळा आला होता. सांगितलं तसं पोरगं हसलं, पण बादली उचलायला पुढं झालं नाही. पुढचे पाच पाणी मीच मारले. शेवटचं पाणी स्वच्छ आलं.

रंग कुठला द्यायचा, यावर माझं आणि उस्तादांचं पहिलं भांडण झालं. मी म्हणालो, कंपनीतून आली तशी करायची. त्यांनी विचारलं, "कौनसी कंपनी?"

मी नाव सांगितलं. ते इंजिनाकडं बोट दाखवून म्हणाले, ये तो पूजो का. बरोबर होतं. इंजिन फ्रान्सच्या प्यूजोच्या आराखड्याचं, २११२ सीसीचं. घाट अमेरिकेच्या विलिसचा. आणि विलिसचा तरी कुठं? १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती, नमुना करून द्यायला मुदत ४९ दिवसांची. बँटम नावाच्या बुडत्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट यांना गाठलं, त्यांनी दोन दिवसांत आराखडा काढला आणि सप्टेंबरात नमुना हजर केला. पण बँटमचा कारखाना छोटा. लष्करानं तो आराखडा विलिस आणि फोर्डला दाखवला, मोठं काम त्या दोघांना गेलं. पुढची उभ्या फटींची जाळी, जिला आज सगळं जग जीपचा चेहरा म्हणतं, ती पत्र्यातून ठोकून काढायची कल्पना फोर्डची. इकडे १९४५ मध्ये जे. सी. आणि के. सी. महिंद्रा या भावांनी गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत कंपनी काढली. फाळणी झाली, भागीदार पाकिस्तानात गेले आणि पुढं तिथले गव्हर्नर जनरल झाले. इकडे उरलेल्या महिंद्रांनी विलिसच्या सुट्या भागांतून जीप जोडायला घेतल्या. म्हणजे या गाडीचं कूळच दुसऱ्याच्या कामावर आपला हात फिरवण्यातून वाढलेलं. कळमनुरीच्या म्हाताऱ्यानं फक्त हात जरा उलटा फिरवला.

शेवटी फिका हिरवा दिला. अक्षरांवरून फिरवताना रंगाऱ्यानं विचारलं, घासून काढू का? मी म्हणालो, राहू दे, वरून रंग मार. आता सकाळचं तिरपं ऊन पडलं की 'महा' एवढं दिसतं. पुढचं दिसत नाही.

सगळे मिळून खर्चाचे एक लाख पंच्याऐंशी हजार झाले, म्हणजे गाडीपेक्षा जास्त. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग. त्याची फी १ एप्रिल २०२२ला सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती. वर हरित कर. तरी मी नशीबवान. २०२३च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते, त्या लिलावात फिरून गावात यायच्याऐवजी थेट भंगारात जातात. माझ्या जीपला जसे एकामागून एक मालक भेटले, तसे आता त्यांना भेटायचे नाहीत. वाहनांचा धूर बघता हे योग्यच असेल. मला ते आवडत नाही, एवढंच.

एक दोष कशानं गेला नाही. गाडी वळत नाही. औंढ्याचं देऊळ नामदेवांसाठी फिरलं अशी आमच्याकडं श्रद्धा आहे. माझ्या जीपला वळायला देवळाभोवतीचं पटांगण लागेल. गल्लीत वळवायची तर दोन मागं, दोन पुढं आणि एकदा शेजाऱ्याच्या पायरीची माफी.

मे महिन्यात अवकाळी झाला आणि दुसऱ्या दिवशी बेणं न्यायचं होतं. वाफसा यायला अजून दोन दिवस तरी होते. अण्णा म्हणाले, थांब. आयुष्यभर वाफशाची वाट बघितलेला माणूस, त्यांचं बरोबरच होतं. मी निघालो, तर न बोलता शेजारी येऊन बसले. ओढ्याच्या उतारावर थांबलो, खाली उतरून दोन्ही हब फिरवून लावले, पहिला दांडा ओढला, मग दुसरा. या वेळी दांडा लोण्यासारखा आला नाही. खडखडला, अडला, मग 'ठक्' झालं. लो गिअरमध्ये जीप चालते तेव्हा चालतेय असं वाटतच नाही. इंजिन ओरडतं आणि बांधावरचं बाभळीचं झाड इंच इंच मागं सरकतं. मधोमध मागचं चाक फिरायला लागलं, चिखल टपावर उडाला. अण्णांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. मग पुढून काहीतरी ओढल्यासारखं झालं, नाक वर आलं आणि आम्ही पलीकडे. अण्णांनी दांडा सोडला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हशीनं चांगला सांभाळला होता."

रात्री पुन्हा पाऊस आला. हूडची शिवण मागं एका ठिकाणी उसवलेली, सकाळी बघितलं तर तळ ओला. ड्रायव्हरच्या पायाखालच्या भोकातून थेंब थेंब पाणी शेडच्या नव्या कोब्यावर पडत होतं आणि तिथं हाताच्या पंजाएवढा पिवळा डाग झाला होता. पाच पाणी मारले, लांबी भरली, दोन हात रंग दिला, तरी कुठल्या घडीत हळद राहिली होती कोण जाणे. अण्णा वाकले, बोट डागावर टेकवलं, नाकाशी नेलं.

"सेलम जातीची हाय," ते म्हणाले आणि बोट धोतराला पुसलं.